स्पॅनिश मंडळीत सेवा करणाऱ्या तरुण मिशनरीचा आठवडा कसा जातो?

नाशिकच्या एका मावशींनी विचारलं आहे: "बहिणीचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. ते सगळे उटाहमध्ये राहतात आणि लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चचे सभासद आहेत. मुलाला दोन वर्षांसाठी मिशनरी म्हणून ह्यूस्टनला पाठवताहेत, तेही स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळीत. घरी तो मराठी बोलतो, बाहेर इंग्रजी. स्पॅनिशचा गंध नाही. त्याचा आठवडा कसा जाईल? एकटा पडेल का? आम्ही इथून काय करू शकतो?"

मावशी, मी मूळचा मिरजेचा. तरुणपणी याच चर्चचा मिशनरी होतो आणि आता बरीच वर्षं ह्यूस्टनमधल्या एका स्पॅनिश वॉर्डात मिशनच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. वॉर्ड म्हणजे स्थानिक मंडळी. तुमच्या भाच्यासारखी मुलं आमच्याकडे येतात, काही महिने राहतात, पुढच्या भागात जातात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. त्याला एक ठरलेलं वेळापत्रक मिळेल. साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग शास्त्राचा (म्हणजे धर्मग्रंथांचा) अभ्यास, जोडीदार मिशनरीबरोबर तयारी, भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर, रात्री नऊपर्यंत घरी, साडेदहाला दिवे बंद. थोडंफार इकडेतिकडे करायची मुभा मिशन अध्यक्ष, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचे प्रमुख, देतात. पण हे वेळापत्रक पाळलं म्हणजे आठवडा सत्कारणी लागला असं होत नाही. स्पॅनिश मंडळीतला आठवडा ठरतो तो तिथल्या माणसांच्या कामाच्या वेळांवर. ज्या मुलाला हे पहिल्या महिन्यात उमगतं, त्याची दोन वर्षं भरून पावतात. ज्याला उमगत नाही तो बंद दारांवर टकटक करत फिरतो आणि खचतो.

आमच्या वॉर्डातली माणसं बघा. मेक्सिको, एल साल्वाडोर, होंडुरास, ग्वाटेमाला, अलीकडे व्हेनेझुएला इथून आलेली. पुरुष बरेचसे बांधकामात. छपरं घालणारे उन्हाळ्यात उजाडायच्या आधी कामावर जातात, कारण ह्यूस्टनच्या उन्हात दुपारी छपरावर उभं राहवत नाही. ते दुपारी तीन-चारला परततात, अंघोळ करतात आणि आडवे होतात. त्या वेळी कुणी दार वाजवलं तर उघडणार कोण? बायका कचेऱ्या साफ करायला संध्याकाळी पाच-सहाला निघतात आणि मध्यरात्रीनंतर घरी येतात. हॉटेलात काम करणाऱ्यांना शनिवार-रविवार म्हणजे सर्वांत जास्त काम. त्यांची सुट्टी सोमवारी नाहीतर मंगळवारी. त्यामुळे एखाद्या घरात नवरा-बायको दोघं एकत्र भेटतील अशी वेळ आठवड्यात जेमतेम एक. ती रविवारी दुपारी असेल, गुरुवारी सकाळी असेल. ती विचारून, लिहून ठेवावी लागते.

भेटींच्या नोंदी मिशनरींच्या फोनमध्ये असतातच. तरी नवी जोडी आली की मी त्यांना एक साधी वही करायला लावतो: डाव्या बाजूला कुटुंब, उजवीकडे कोण कधी कामावर आणि कोण कधी झोपलेलं. झोपेचा रकाना फार कामाचा. रात्रपाळीहून आलेल्या बाईला सकाळी अकराला उठवलं की ते घर पुढचे कित्येक महिने तुमच्यासाठी बंद.

आता वार. सोमवार हा त्यांचा 'तयारीचा दिवस'. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, चर्चच्या हॉलमध्ये इतर मिशनरींबरोबर बास्केटबॉल किंवा फुटबॉल, घरी ई-मेल आणि फोन. संध्याकाळी सहाला सुट्टी संपते आणि काम सुरू होतं. चर्चची कुटुंबं सोमवारी रात्री एकत्र बसून प्रार्थना, गाणी, छोटा धडा असं करतात. मिशनरींना बहुतेक वेळा अशा कुठल्या तरी घरचं बोलावणं असतं.

मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आसपासच्या मिशनरींची बैठक. एक संध्याकाळ मोफत इंग्रजी वर्गाची; तिथे चर्चशी काहीही संबंध नसलेली माणसं येतात, आणि माझ्या मते स्पॅनिश मिशनरीच्या आठवड्यातला हा सर्वांत उपयोगी दीड तास आहे. माणूस स्वतः शिकायला आला की तो तुम्हाला आपल्या घराबद्दल, पोरांबद्दल, साहेबाबद्दल आपणहून सांगतो. शिवाय तिथे मिशनरीही चुकतमाकत स्पॅनिश बोलत असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची भीड चेपते. आठवड्यातून एकदा जोडीतले दोघं मिशनरी बसून पुढच्या आठवड्याची आखणी करतात, आणि एकदा माझ्याशी बोलतात: कोणाकडे जायचं, कोण आजारी, कोणाला सोबत हवी.

ही सोबत म्हणजे काय ते सांगतो. मिशनरी नेहमी जोडीने फिरतात. तरीही एखादी बाई घरी एकटी असेल तर दोन तरुण मुलांनी तिच्या घरी बसून शिकवायचं नाही. बरोबर आणखी कुणी मोठं माणूस हवं. म्हणजे वॉर्डातल्या कुणाला तरी घेऊन जायचं. आणि ते माणूसही त्याच पाळ्यांमध्ये अडकलेलं. अशा एका भेटीसाठी कधी कधी चार-पाच फोन करावे लागतात. घरच्यांना हा भाग कधी दिसत नाही. मुलगा फोनवर "या आठवड्यात तिघांना भेटलो" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, इतकंच?

सकाळी दहा ते दुपारी चार हा वेळ सर्वांत अवघड. घराघरात माणसं नसतात किंवा झोपलेली असतात. इमारतीमागून इमारत घेत दारं वाजवणं हा या वेळेचा चांगला उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी पाटी लावलेले दोघे दारात दिसले की ज्यांच्या कागदपत्रांची कामं अर्धवट आहेत ती माणसं श्वास रोखून आत बसतात. त्यांना कोण आलंय हे कसं कळणार? म्हणून आधी निरोप पाठवायचा, ओळखीच्या माणसाचं नाव सांगायचं, मग जायचं. आणि कोण कसा या देशात आला, कोणाकडे कोणता कागद आहे, हे मिशनरीने कधीही विचारायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही. दुपारचा वेळ म्हाताऱ्यांना भेटायला, अन्नवाटपाच्या ठिकाणी राबायला, भाषेच्या अभ्यासाला आणि कोणाच्या घरच्या सामानाची हलवाहलव करायला द्यावा. भाडी वाढली की माणसं घरं बदलतात, आणि तिसऱ्या मजल्यावरून सोफा उतरवायला दोन धडधाकट पोरं मिळाली तर त्या कुटुंबाच्या ते कायम लक्षात राहतं. २०१७ च्या हार्वी वादळानंतर तर पिवळे टी-शर्ट घातलेले आमच्या चर्चचे लोक आणि मिशनरी पुराच्या घरांतून भिजलेल्या भिंती खालून कापून काढत होते, सडलेले गालिचे ओढून रस्त्यावर टाकत होते. ज्यांच्या घरी तेव्हा काम केलं, त्यांच्यातले बरेच जण कधीच चर्चमध्ये आले नाहीत. यायलाच हवं असंही काही नाही.

पाच ते नऊ हा खरा कामाचा वेळ, आणि त्यात जेवण. बहुतेक संध्याकाळी कुणा ना कुणा कुटुंबाकडे जेवायला बोलावलेलं असतं. समजा, एल साल्वाडोरच्या एका ताईंच्या घरी तुमचा भाचा बसला आहे. ताई मक्याच्या पिठाचा गोळा ओल्या हातावर घेतात, त्यात चीज आणि वाटलेले बीन्स भरतात, थापून तव्यावर टाकतात: ही पुपुसा. वर आंबवलेल्या कोबीची चटकदार कोशिंबीर आणि टोमॅटोचा पातळ सॉस. हे हाताने खायचं. अमेरिकन मुलं काटा-चमचा शोधतात. भाकरी-पिठल्यावर वाढलेल्या मुलाला शोधावा लागणार नाही आणि ताईंना ते लगेच दिसेल. जेवण झालं की दहा मिनिटांत शास्त्रातला एखादा विचार, प्रार्थना, आणि तासाभरात निघायचं. ताईंना पहाटे उठायचं असतं. भांडी घासू का असं विचारायचं; त्या नाही म्हणतील; तरी आपलं ताट स्वतः उचलायचं. कॉफी दिली तर नम्रपणे नको म्हणायचं, कारण चर्चमध्ये चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहे. मावशी, तो नाशिकला येईल तेव्हा चहासाठी आग्रह करू नका; त्याला दर वेळी नाही म्हणताना अवघडल्यासारखं होतं.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट घडते. घरातली पोरं इथे शाळेत गेलेली असतात, ती फटाफट इंग्रजीत बोलतात. थकलेल्या मिशनरीला हायसं वाटतं आणि तोही इंग्रजीत सुरू होतो. तिथे आई गप्प होते. परदेशातल्या मराठी मंडळांत आजी मराठीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो आणि गप्पा आजीच्या डोक्यावरून जातात, तसंच हे. ज्या बाईने दिवसभर राबून स्वयंपाक केला तीच तिच्या घरात परकी होते. म्हणून माझा नियम पक्का आहे: मोठी माणसं खोलीत असेपर्यंत स्पॅनिश, मोडकंतोडकं असलं तरी. पोरांशी इंग्रजी बाहेर अंगणात, चेंडू खेळताना.

भाषेची काळजी तुम्हाला वाटते ते साहजिक आहे. पाठवण्याआधी स्पॅनिशसाठी साधारण सहा आठवड्यांचं प्रशिक्षण असतं. सुरुवातीचा काही भाग घरूनच ऑनलाइन, मग उटाहमधलं प्रोव्हो किंवा मेक्सिको सिटी. मेक्सिको सिटीचं केंद्र २०१३ मध्ये चर्चच्याच जुन्या शाळेच्या आवारात सुरू झालं. सहा आठवड्यांत प्रार्थना करता येते, ओळख करून देता येते, धड्याचा सांगाडा पाठ होतो. पहिल्या घरी समोरचा माणूस भरभर बोलायला लागला की यातलं काही आठवत नाही. हे सगळ्यांचं होतं.

पण तुमच्या भाच्याला एक गोष्ट आयती मिळाली आहे. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' जवळजवळ आपल्यासारखे, जीभ दातांना टेकवून. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे साधायला महिने लागतात, काहींना शेवटपर्यंत साधत नाही. मोठ्यांना आदराने बोलायचं वेगळं रूप आहे, ते आपल्या 'तुम्ही'सारखं चालतं. वॉर्डात वयाने मोठ्या प्रत्येकाला तेच वापरावं आणि समोरचा जवळीक दाखवून खालच्या रूपावर आला तरी आपण घाई करू नये. प्रार्थनेत मात्र देवाला एकेरी. आपल्याकडेही विठोबाला कुणी अहो-जाहो करत नाही, त्यामुळे त्याला हे विचित्र वाटणार नाही.

त्याला माझ्याकडून एवढं सांगा: व्याकरणाचं पुस्तक सकाळच्या अभ्यासापुरतं ठेव, आणि रोज शास्त्राचं एक पान स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाच, जोडीदाराला ऐकू जाईल असं. आणि लोकांच्या कामाचे शब्द शिकून घे. छपराचं, रंगकामाचं, गाडी दुरुस्तीचं, लहान मुलांच्या आजारपणाचं. धर्माचे शब्द प्रशिक्षणात मिळतात. "आज कुठे काम होतं? फार ऊन होतं का वर?" हे विचारता आलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने लोकांची भाषा मनापासून आत्मसात करावी याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे फादर स्टीफन्स. इंग्लंडचा हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मराठीत ओव्या रचू लागला. आमच्या चर्चच्या स्पॅनिश कामालाही जुना इतिहास आहे. १८७५ मध्ये उटाहहून काही मिशनरी शास्त्रातल्या निवडक भागांचं स्पॅनिश भाषांतर घेऊन घोड्यांवरून मेक्सिकोकडे निघाले होते. सॉल्ट लेक सिटीत १९२० च्या दशकापासून स्पॅनिश बोलणाऱ्यांची मंडळी आहे.

शनिवारची संध्याकाळ हे माझ्यासाठी मिशनरीच्या आठवड्याचं खरं मोजमाप. ह्यूस्टनमध्ये गाडी नसली तर हालता येत नाही. मिशनरींच्या गाडीत इतर कुणाला बसवायची परवानगी नसते. म्हणजे रविवारी ज्यांना चर्चला यायचं आहे आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांच्यासाठी वॉर्डातलीच कुणाची तरी गाडी ठरवावी लागते. चार मुलांची आई असेल तर तेवढ्या जागा हव्यात, लहानग्याची गाडीतली खुर्ची हवी. चांगली जोडी शनिवारी सहापर्यंत हे सगळं पक्कं करून पुन्हा एकदा खात्री करते. नाहीतर रविवारी सकाळी ती आई पोरांचे केस विंचरून खिडकीशी उभी आणि गाडी येत नाही. त्यानंतर ती परत कशाला येईल?

रविवारची सभा २०१९ पासून दोन तासांची आहे, त्याआधी तीन तासांची असायची. पहिल्या तासात भाकर आणि पाण्याचा विधी, स्तोत्रं, मंडळीतल्याच लोकांची भाषणं. पगारी पाळक आमच्याकडे नाहीत. दुसऱ्या तासात वर्ग. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, आणि ज्याला वाटेल तो उभा राहून आपली श्रद्धा सांगतो. नव्या मिशनरीला पहिल्याच रविवारी पुढे बोलावण्याची पद्धत बऱ्याच वॉर्डांत आहे. चार वाक्यं तयार ठेवावीत: नाव, घर कुठे, घरी कोण कोण, इथे का आलो. घरी मराठी बोलतो हेही सांगावं. आमच्या लोकांना दुसऱ्या देशातून आलेल्या कुटुंबाची गोष्ट लगेच कळते. सभा संपल्यावर निदान दोन आज्या तरी त्याच्या आईची चौकशी करतील.

बाप्तिस्म्याबद्दल थोडं, कारण मुलं त्याचा फार ताण घेतात. ठराविक धडे, सभेला येणं, मुलाखत, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. स्पॅनिश मंडळीत एक अडचण वारंवार येते: जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, मुलं आहेत, पण कायदेशीर लग्न झालेलं नाही. बाप्तिस्म्याआधी लग्न करावं लागतं. म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कचेरीतून परवाना, टेक्ससमध्ये त्यानंतर बहात्तर तास थांबणं, आणि एखाद्याचं मायदेशी आधीचं लग्न नोंदलेलं असेल तर त्या घटस्फोटाची कागदपत्रं मिळवणं. याला महिने लागतात. या काळात मिशनरीची बदली होते आणि बाप्तिस्मा दुसऱ्याच कुणाच्या हातून होतो. मुलाने हे मनाला लावून घेऊ नये. ज्यांच्या भिंतीवर ग्वादालूपेच्या मेरीची (मेक्सिकोतल्या कॅथलिकांच्या श्रद्धास्थानाची) तसबीर आहे त्यांच्या घरी तिच्याबद्दल वावगा शब्द काढू नये, हे मी प्रत्येक जोडीला पहिल्याच भेटीत सांगतो. त्या तसबिरीपुढे त्या आईने काय काय मागितलं असेल, ते आपल्याला माहीत नसतं.

एकटेपणाचं विचारलंत. शब्दशः एकटा तो क्षणभरही नसेल. जोडीदार चोवीस तास बरोबर. हा जोडीदार पेरूचा किंवा होंडुरासचाही असू शकतो, आणि मग स्पॅनिश झपाट्याने येते. भांडणं होतात ती गजर, भांडी आणि कोण गाडी चालवणार यावरून. आठवड्याच्या आखणीच्या वेळी दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचं, असं ठरलेलंच आहे. तो भाग घाईत उरकू नये. एकटेपणा येतो तो भाषेमुळे: दिवसभर आजूबाजूला हसणं-बोलणं चालू आणि आपल्याला विनोद कळत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे सर्वांत टोचतं. फोनवर तो नेहमीपेक्षा कमी बोलला तर घाबरू नका. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही असं दोन-तीन आठवडे ऐकू आलं तर त्याच्या आईवडिलांनी मिशन अध्यक्षांशी बोलावं, आणि त्यानेही स्वतः सांगावं. मदतीसाठी सल्लागार असतात. ते वापरण्यात काही कमीपणा नाही.

खर्चाचं: अमेरिकेतल्या कुटुंबांकडून चर्च दरमहा ५०० डॉलर घेतं, २०२० पासून हा आकडा आहे. त्याला किराण्यासाठी वगैरे दर महिन्याला ठरावीक रक्कम कार्डावर मिळते. वेगळे पैसे पाठवायची गरज नाही.

फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला; आता दर आठवड्याला व्हिडिओवरही बोलता येतं. ह्यूस्टनमध्ये सकाळचे दहा म्हणजे नाशिकला उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. आईवडिलांच्या फोनमध्ये तुम्हीही जोडल्या जा, पण तास-पाऊण तासात संपवा. त्याला कपडेही धुवायचे असतात. "कंटाळा येतो का" विचारलंत तर "नाही" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी माणसांबद्दल विचारा: मागच्या सोमवारी ज्या काकांच्या गुडघ्याबद्दल सांगितलंस त्यांचं ऑपरेशन झालं का? त्याचा आठवडा माणसांनी भरलेला असतो, आणि ती नावं तुमच्या तोंडून ऐकली की तो बोलत सुटतो. मराठीतच बोला.

खाऊ पाठवणार असाल तर चकली, शंकरपाळे, लाडू असं टिकणारं आणि सुकं पाठवा, आणि सरळ नाशिकहून न पाठवता त्याच्या आईकडे पाठवा. तिथून तिने टपालाने पुढे धाडावं. पत्ता त्याच्या राहत्या घराचा नको. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि पुडकं पोचेपर्यंत तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असू शकतो. मिशन कचेरीचा पत्ता वापरा, वर त्याचं पूर्ण नाव लिहा, आणि थोडं जास्तच पाठवा. जोडीदार असतो, शिवाय ज्या घरांनी त्याला जेवू घातलंय तिथेही तो ते घेऊन जाईल.